इनसाइड लेफ्ट

सिल्वासा,
९ नोव्हेंबर १९६४

ती. दादांस,
रमाकांतचा साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचल्याचं कळलं. चकल्या मऊ पडल्या असतील तर दोष वापीपर्यंतच्या मोटारवाल्याचा, आपला नाही, असं लिहा म्हणून कुसुम मागे उभी राहून सांगते आहे. लिहिलं.

आता कामाचं. हेडमास्तरांनी यंदा शाळेचा फुटबॉल माझ्या गळ्यात मारला. मी भूगोलाचा मास्तर! पृथ्वी गोल आहे आणि चेंडूही गोल आहे, यापलीकडे माझा त्या खेळाशी संबंध काय? पण नाही म्हणायची सोय नव्हती. सतरा जानेवारीला दमणच्या शाळेशी सामना आहे. मागच्या वर्षी त्यांनी आम्हाला सात गोल मारले. 

माझ्याकडे आठवी-नववीची चौदा मुलं आहेत. निम्मी आमच्यासारख्या सरकारी नोकरांची, बाकीची वारली. त्यातला नवशा वरठा खानवेलचा, वसतिगृहात राहतो, अनवाणी असा धावतो की बघत राहावं. आजवर इथे दोन-तीन-पाचच खेळतात. मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ आणि पाच जण पुढे गोल मारायला. आता ऐकतो की मोठे संघ चार-दोन-चार खेळतात. तुम्ही गोदीच्या संघात बारा वर्षं सेंटर हाफ खेळलात. मला घरात दुसरा गुरू नाही. कशी मांडणी करू?

अरविंद मजेत आहे. तुमचं पत्र आलं की पाकीट फोडायचा मान अजून त्याचाच. मोठ्याने वाचतो, मी आणि कुसुम ऐकतो. वहिनी जाऊन सात वर्षं झाली, पण ‘बाबा मला कधी नेणार’ हे विचारायचं त्याने सोडलेलं नाही. काय सांगू त्याला?

आपला,
रमाकांत

* * *

वडाळा, मुंबई,
१७ नोव्हेंबर १९६४

चि. रमाकांत यास अनेक आशीर्वाद.

अरे वा रे मास्तर! लहानपणी चेंडू अंगावर आला की आईच्या मागे पळणारा तू, आणि तू संघ बांधणार! पत्र वाचून क्रेनवर बसल्या बसल्या एकटाच हसलो. खालचा मुकादम म्हणाला, चुरीशेठ, लॉटरी लागली का?

आता ऐक. दोन-तीन-पाच हा माझा जीव आहे. पाच जण पुढे सरकायला लागले की मागून बघताना कसं भरून यायचं, ते तुला कळायचं नाही. पण जीव वेगळा आणि सामना वेगळा. दमणच्या पोरांच्या आज्यापणज्यांनी फिरंग्यांच्या बरोबरीने चेंडू मारलाय. त्यांच्यासमोर मागे दोघं ठेवलीस तर पुन्हा सात खाशील. चार-दोन-चार लाव. चार बॅक, एका रेषेत. मध्ये दोघं, ज्यांचं फुप्फुस बैलाचं आहे असे. पुढे चार. नवशाला कडेला दे आणि पळू दे.

फक्त एक गोष्ट. पाचाचे चार झाले की एकाचा पत्ता कटतो. तो कोण हे ठरवताना मास्तरकी दाखव, मया नको. पुढच्या पाचांबद्दल सविस्तर लिही, मी सांगतो कोण जाणार ते. आणि माझी पत्रं सगळ्या संघासमोर वाचत जा. अरविंदला वाचायला लाव, त्याचा आवाज त्याच्या आईसारखा, शैलजासारखा स्वच्छ आहे. पोरांना कळू दे की मुंबईहून कुणीतरी त्यांच्याकडे लक्ष ठेवून आहे.

बातमी शेवटी ठेवली. मला वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या! सात वर्षं अर्ज केले, साहेबाच्या पायऱ्या झिजवल्या. आजवर एका खोलीत सहा पुरुषांमध्ये कुठे ठेवणार होतो पोराला? मे महिन्यात मी स्वतः येऊन अरविंदला घेऊन जातो. त्याला सांग, बाप विसरलेला नाही.

तुझा,
रघुनाथ

* * *

सिल्वासा,
२९ नोव्हेंबर १९६४

ती. दादांस,
रमाकांतचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र अरविंदने शाळेच्या ओट्यावर उभं राहून वाचलं. ‘बैलाचं फुप्फुस’ आलं तेव्हा पोरं खो खो हसली. खोल्यांची बातमी आली तिथे तो थांबला, आणि तेवढा भाग घरी येऊन त्याने कुसुमला तीनदा वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सामरवरणीपर्यंत पायी जाऊन ओळखीच्या सगळ्यांना सांगून आला.

चार बॅक बसले. पोरं आधी एकमेकांवर आपटत होती, आता रेष धरतात. पुढचे चार ठरत नाहीत. तिघांबद्दल प्रश्न नाही. राहिले दोन. एक तलाठ्याचा मुलगा, साधा, सांगितलं तेवढं करणारा. दुसरा आमचा इनसाइड लेफ्ट, पुढच्या ओळीत डाव्या कडेच्या आतला. त्याच्याबद्दल तुमचा सल्ला हवा आहे, म्हणून काही न लपवता लिहितो.

पायात कसब आहे, ते मान्य. दोघांना सहज चुकवतो. पण दोघांना चुकवून झालं की तिसऱ्यालाही चुकवायला जातो. पास देत नाही. चेंडू गेला तर परत मागे धावत नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहतो. आणि एखादी करामत जमली की खेळ सोडून मैदानाच्या कडेला बघतो, कुणी पाहिलं का म्हणून. मी दोनदा रागावलो. त्याने ऐकलं, मग पुन्हा तेच.

चौघांत ठेवू, हाफला टाकू की काढून टाकू? दादा, मी तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

आपला,
रमाकांत

* * *

वडाळा, मुंबई,
७ डिसेंबर १९६४

चि. रमाकांत यास अनेक आशीर्वाद.

यात विचारायचं काय आहे? काढून टाक.

हा नमुना मला पाठ आहे. दरवर्षी गोदीच्या निवडीला असे चार येतात. टाळ्यांसाठी खेळतात. कमरेवर हात ठेवून उभा राहतो म्हणे! अरे, चेंडू गेला तर जीव तोडून मागे यायचं असतं, बाकीचे दहा काय त्याचे नोकर आहेत? असल्या पोराला एकदा लाड करून ठेवलंस की अख्खा संघ सडतो. माझं सरळ मत ऐक: असलं पोर माझं असतं तर मी त्याला संघात काय, घरातही घेतलं नसतं. तलाठ्याच्या पोराला उभा कर. आणि या कलाकाराला सतरा तारखेला पाण्याची बादली उचलायला लाव. अकरा जणांना पाणी पाजलं की डोकं ठिकाणावर येईल.

पोरांनो, तुम्ही ऐकताय ना? सात गोल विसरा. रेष सोडू नका.

अरविंदसाठी लोखंडी खाट घेतली. खिडकीतून गोदीतली जहाजं दिसतात. त्याला म्हणावं, तू अभ्यास कर, चेंडूच्या नादी लागू नकोस. माझा गुडघा बघ, थंडी पडली की रडवतो.

तुझा,
रघुनाथ

* * *

वडाळा, मुंबई,
२८ डिसेंबर १९६४

चि. रमाकांत यास आशीर्वाद.

तीन आठवडे झाले, पत्र नाही. एरवी तुझं आठ दिवसांत येतं. कुणी आजारी आहे का? अरविंदचं बरं आहे ना? मला दोन दिवसांची रजा मिळाली आहे, सतरा तारखेला सकाळच्या गाडीने वापीला उतरून थेट दमणला मैदानावर येतो. अरविंदला संघाबरोबर आणा. दोन ओळी तरी लिही.

रघुनाथ

* * *

सिल्वासा,
१ जानेवारी १९६५

ती. भावोजींस,
कुसुमचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, शेवटी दोन शब्द जोडते तेवढंच. आज लिहिते आहे, कारण हे रोज कागद घेऊन बसतात आणि उठतात.

भावोजी, तुमचा तो इनसाइड लेफ्ट म्हणजे आपला अरविंद.

ही त्याचीच कल्पना होती, हे आधी सांगते. दिवाळीत ह्यांना म्हणाला, काका, बाबांना विचारा, पण माझं नाव सांगू नका. नाव सांगितलं तर ते मुलगा म्हणून चांगलं म्हणतील. मला ते खरं काय म्हणतात ते ऐकायचंय. ते चांगलं म्हणाले की मग मेमध्ये मुंबईला जाऊन सांगेन, तो मीच. हे दोघं केवढे खूष होते त्या बेतावर! मीच वेडी, मलाही गंमत वाटली.

आणि ह्यांचं तुम्हाला माहीतच आहे. घरचं पोर वर्गात असलं की दोन मार्क कमीच द्यायचे, लोक बोट दाखवतील म्हणून. पत्रातही तेच केलं. त्याचे दोष लिहिले ते दुप्पट करून. त्याने मारलेले गोल लिहिलेच नाहीत. मी म्हटलं, अहो, चांगलंही लिहा की. तर म्हणाले, दादांना पोर आपलं आहे असा वास लागता कामा नये. कडेला बघतो हे मात्र खरं आहे. पण टाळ्यांसाठी नाही बघत तो. मागच्या वर्षी तुम्ही त्याच्याबरोबर सामना बघायला येईन म्हणून आला नाहीत, तेव्हापासून बघतो.

पाकीट नेहमीसारखं त्यानेच फोडलं. सगळी पोरं ओट्याखाली बसली होती. मी डबा द्यायला गेले होते म्हणून मी पाहिलं. वाचायला लागला आणि दुसऱ्याच ओळीला ह्यांच्या लक्षात आलं, हे म्हणाले, अरविंद, पुरे, मी वाचतो. त्याने मान हलवली आणि वाचत राहिला. ‘घरातही घेतलं नसतं’ हेसुद्धा वाचलं. आवाज हलला नाही त्याचा. पोरांना माहीत होतं तो कोण ते. एकही हसलं नाही. नवशा उठून त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. खाटेचं, जहाजांचं, सगळं शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, ह्यांच्या हातात दिली, आणि विहिरीवर जाऊन बादली भरून आणली.

त्या दिवसापासून बादलीच उचलतो आहे. ह्यांनी हात जोडले त्याच्यापुढे. अरे, दादांना माहीत नव्हतं, मी चुकलो, मी वाईट लिहिलं. तर म्हणतो, बाबांनी सांगितलंय. जेवतो, अभ्यास करतो, विचारलं तर बोलतो. मुंबईचं नाव काढत नाही.

आता एक सांगते, ते वाचून मला काय म्हणायचं ते म्हणा. परवा तो मला म्हणाला, काकू, मी मेमध्ये नाही जात, इथेच राहू? आणि भावोजी, मला आनंद झाला. क्षणभर झाला. आमच्या घरात दुसरं मूल नाही. नंतर स्वयंपाकघरात जाऊन मी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. त्या पोराचं काळीज फुटलंय आणि मला आनंद होतो! म्हणून हे पत्र लिहिते आहे. त्याला तुम्हीच लिहा. लवकर लिहा.

आपली,
कुसुम

* * *

वडाळा, मुंबई,
५ जानेवारी १९६५

चि. अरविंद,

बाळा, हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. हे फक्त तुझं आहे.

काकूचं पत्र आलं तेव्हा मी पाळीवर होतो. खाली उतरलो आणि क्रेनच्या पायाशीच बसलो. माणसं पाणी घेऊन आली. काय झालं म्हणून विचारत होती. माझ्या जिभेला हाड नाही रे. मैदानावर असंच बोलायचो आम्ही, जो तो दुसऱ्याला घराबाहेर काढायचा आणि संध्याकाळी एकत्र चहा प्यायचा. कागदावर ते असं दिसेल हे मला कळायला हवं होतं. चौदा वर्षांच्या कुठल्याही पोराबद्दल तसं लिहायला नको होतं, मग ते कुणाचंही असो.

तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. मी तुला काकाकडे दिलं आणि वापीहून परतीच्या गाडीत बसलो, तेव्हा तू फलाटावर धावत होतास. मी खिडकीतून तोंड आत घेतलं. तुला वाटलं असेल, बापाने बघितलंसुद्धा नाही. मला रडताना तू बघू नयेस म्हणून घेतलं. मागच्या वर्षी सामन्याला येतो म्हणालो, आणि जादा पाळी लागली म्हणून आलो नाही. तू कडेला मला शोधतोस, आणि मी इथे बसून त्यालाच दोष म्हणतो! मी बाप म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही.

काकाला वेगळं लिहिलं आहे, चार-दोन-चार मोडून टाक. दोन-तीन-पाच लाव. पाच पुढे ठेव म्हणजे तुझी जागा तुला मिळेल. सात गोल होवोत, सतरा होवोत, मला पर्वा नाही. तू खेळ. तिसऱ्यालाही चुकव, चौथ्यालाही चुकव. मी कडेला उभा असेन. या वेळी नक्की.

मेमध्ये घरी चल. तुझ्यासाठीच ते घर मागितलं होतं.

तुझा,
बाबा

* * *

सिल्वासा,
२१ जानेवारी १९६५

ती. बाबांस,
अरविंदचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याची तार मिळाली. वापी स्टेशनवर तुम्ही मला, मेमध्ये येशील ना, म्हणून विचारलंत तेव्हा मी काही बोललो नाही. गाडी सुटायची होती आणि काका रडत होते. म्हणून आता लिहितो. काकांना न दाखवता लिहितो आहे, चुका असतील.

सामन्यात आमच्यावर चार गोल झाले त्याबद्दल सगळे मला काही म्हणत नाहीत. नवशा म्हणतो, चार बॅक असते तर दोनच झाले असते. मलाही तसंच वाटतं. माझ्यासाठी मांडणी बदलायला नको होती. पोरांनी दोन महिने रेष पाठ केली होती.

तुम्ही कडेवरून ओरडत होतात, घे, चुकव, घे. मी मुद्दाम वाईट खेळलो नाही, बाबा. पायात चेंडू आला की तुमचं ते वाक्य आठवायचं आणि मी लगेच पास देऊन टाकायचो. मग मागे धावत यायचो. खूप धावलो मी. मला वाटलं ते तुम्हाला आवडेल. तुम्ही डोळे पुसत होतात, म्हणून मी तिकडे बघायचं सोडलं.

तुमच्यावर राग नाही. तुम्हाला माहीत नव्हतं हे मला माहीत आहे. पण बोर्डाच्या परीक्षेत पेपरावर नाव लिहीत नाहीत, नुसता नंबर लिहितात. नाव कळलं तर तपासणारा मया करतो, असं काका सांगतात. माझ्याबद्दलचं तुमचं पहिलं पत्र नाव माहीत नसताना लिहिलेलं आहे. दुसरं नाव कळल्यावर. दुसरं मी रोज वाचतो. ते वाचलं की रडू येतं आणि बरंही वाटतं. पण खरं कुठलं असं कुणी विचारलं तर मला पहिलंच खरं वाटतं. मी खूप प्रयत्न केला तसं वाटू नये म्हणून.

मीच विचारायला लावलं होतं. विचारलं नसतं तर मेमध्ये आलो असतो, आणि तुमच्याकडे राहिलो असतो, आणि आपल्याला दोघांनाही कळलं नसतं.

काकूने मला आग्रह केला नाही. ती तर जा म्हणते. माझे कपडेसुद्धा तिने वेगळे काढून ठेवले होते, ते मी परत आत ठेवले.

तुम्ही गुडघ्याला शेक देत जा. सुट्टी मिळाली की या, मी वापीपर्यंत घ्यायला येईन. दोन दिवस राहा, चार दिवस राहा. मला न्यायला मात्र येऊ नका.

तुमचा,
अरविंद